सातबाऱ्यावरचं प्रश्नचिन्ह

करमाळ्यात बांधाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो, पण १५ रुपयांच्या डिजिटल सातबाऱ्यावर संशय घ्यायला ब्राउझरला एक क्लिक पुरतं. फाइल उघडली की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह! खातेदार तात्या हबकतात : भावकीनं हरकत घेतली की काय? सही खरीच असते हो, ब्राउझर ती तपासतच नाही. फाइल उतरवून घ्या, अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, सहीवर राइट क्लिक, ‘व्हॅलिडेट’, मग प्रॉपर्टीज, मग प्रमाणपत्रावर आपला विश्वास आहे असं कबूल करा. त्यापेक्षा इथल्या कमलाभवानीच्या देवळाची ९६ पायऱ्यांची विहीर परवडली. तिथं पायऱ्या किती हे आधी ठाऊक तरी असतं. एकदाची हिरवी खूण उमटते. ‘सही-शिक्क्याची आवश्यकता नाही’ असं छापलेली ती प्रिंट तात्या काउंटरवर सरकवतात. साहेब मान वर न करता विचारतात, “शिक्का कुठंय?”