सासुरवाडीचा पिवळा

पुढची खोली रंगवायची म्हटलं की आमच्या घरात आधी सातारा आणि सांगली यांच्यात तह व्हावा लागतो. मी साताऱ्याचा, मंगळवार पेठेतला. बायको सांगलीच्या गावभागातली. मध्ये सव्वाशेएक किलोमीटर रस्ता आणि कृष्णा. नदी महाबळेश्वरला उगम पावते, म्हणजे ती आम्ही सांगलीला दिली, असा आम्हा सातारकरांचा समज. सासऱ्यांचं मत वेगळं. "नदी देवानं दिली, जावईबापू. तुम्ही कोयनेचे दरवाजे उघडून पूर दिला." कोयना धरण पाटण तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे त्यांच्या भिंतीला ओल आली की मला जरा दबूनच बसावं लागतं.

बायकोला माहेरच्या सोप्याचा पिवळा हवा होता. तोच आणि तसाच, खाली कमरेपर्यंतच्या तपकिरी ऑइलपेंटच्या पट्ट्यासकट. दुकानातल्या शेड कार्डावर पिवळ्याची पानभर भाऊबंदकी होती. काही लोण्याकडे झुकलेले, काही पोपटाकडे. एकाला तर पिवळा म्हणणं म्हणजे निव्वळ दुकानदाराचा मान राखणं. तिनं कार्ड मिटलं आणि पुढच्या खेपेला सांगलीहून थेट मुद्देमालच आणला: कपाटामागच्या भिंतीचा तळहाताएवढा पोपडा, वर्तमानपत्रात बांधून.

मी तो खिडकीशी नेऊन कडेनं पाहिला. वर पिवळा. मग तपकिरी मातकट रेघ, केसाएवढी. तिच्याखाली पिस्ता (हा आमच्या लग्नातला, फोटोत त्या भिंतीपुढे मी कावीळ झाल्यासारखा दिसतो), आणि अगदी तळाशी नीळ घातलेला चुना. मधली रेघ 2019 ची. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले. धोक्याची पातळी तिथं 45 फुटांची. पाणी ओसरल्यावर सोपा धुतला, घासला, वाळवला आणि मग पिवळा दिला. पण रंगारी किती का घासेना, नदी आपला एक हात मारून गेलीच होती.

पोपड्याबरोबर डब्याच्या झाकणावरचा कोडही आला होता, त्यामुळे मी निर्धास्त. कोड दिला की यंत्र पांढऱ्या बेसमध्ये मोजून रंगाच्या धारा सोडतं आणि डबा गदागदा हलवून हातात देतं. सातारा असो की सिंगापूर, रंग तोच. शिवाय एशियन पेंट्सचा मोठा कारखाना 2013 पासून आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. तेव्हा निदान रंगाच्या बाबतीत तरी आम्ही सांगलीपुढे मान खाली घालायचं कारण नव्हतं.

रंगाऱ्यानं दाराशेजारी हातभर चौकोन मारला. बायको म्हणाली, "हा नव्हे."

"ओला हाय वहिनी. वाळू द्या की."

वाळला. थोडा गडद झाला आणि वर हिरवट मारायला लागला. "कोड तोच आहे," मी म्हणालो. "असेल. भिंत ती नाही," ती म्हणाली. आणि पंचाईत अशी की तिचंच बरोबर होतं. सातारा वसलाय अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला. आमच्या खोलीला खिडकी एकच, तीही उत्तरेची. ऊन आत येत नाही. येतो तो आभाळाचा निळसर उजेड, आणि संध्याकाळी यवतेश्वराचा डोंगर तोही लवकर आवरता घेतो. सांगलीचा सोपा पश्चिमेला तोंड करून बसलेला. चार वाजल्यापासून तिथं ऊन असं शिरतं की करडी मांजरसुद्धा पिवळी दिसते.

त्यात आमचे पडदे जांभळे. जांभळ्याच्या शेजारी पिवळा उगाच भडकतो. यावर शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 साली जाडजूड ग्रंथ लिहिलाय. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रं विणत, तिथला रंगविभाग त्याच्याकडे होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. यानं तपासलं तर रंगात काही खोट नाही. शेजारच्या धाग्यांमुळे काळा तसा दिसत होता. शेजाऱ्यामुळे रंग बदलतो हे कळायला माणसाला ग्रंथ लिहावा लागला, म्हणजे तो कधी पेठेत राहिला नसणार.

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही चुन्यात पिवडी आणि सरस घालून मारत होतो. पाठ टेकली की अंगाला लागायचा. पण कुणी कोड विचारला नाही."

आता व्हिडिओ कॉलवर सासरे. त्यांची हयात हळदीच्या व्यापारात गेली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते पिवळ्या रंगाबद्दल कुणाचं ऐकत नाहीत. तसे आधीही ऐकत नव्हते. आम्ही फोन चौकोनापुढे धरला. "हे सेलम झालं," त्यांनी निकाल दिला. "आपल्याला राजापुरी पाहिजे." हळकुंड मोडून आतला रंग बघायची त्यांना सवय, भिंत मोडून दाखवणं आमच्या बजेटात बसेना. मग आणखी चौकोन आले. कुरिअरवाल्यानं त्यातल्या डावीकडच्याला पसंती दिली. दूधवाल्यानं विचारलं, "पट्टी करून झाली, आता रंग कधी?"

शेवटी रंगाऱ्यानंच तोडगा काढला. त्यानं पोपडा भिंतीला लावला, डोळे बारीक केले आणि कार्डावरचा भलताच, जरा तांबूस, एक शेड उचलला. सांगलीच्या कोडाशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर आंधळासुद्धा वेगळे म्हणेल. पण तो आमच्या निळसर उजेडात वाळला आणि बायको दारात थबकून म्हणाली, "हाच! बघा, कोड बरोबर होता म्हटलं नव्हतं मी?" म्हटलं नव्हतं, पण मी जांभळे पडदे धुवायला टाकले आणि गप्प बसलो.

दिवाळीला सासरे आले. चप्पल काढतानाच भिंतीकडे बघितलं, बोटानं घासलं, बोट नाकाशीही नेलं. "राजापुरी," म्हणाले. बायकोचा चेहरा असा खुलला की तो रंग कार्डावरच्या कुठल्याच पानात सापडला नसता. मग ते वाकले आणि खालच्या तपकिरी पट्ट्यावरून हात फिरवला.

"इथं पाणी कुठवर येतं?"

"इथं कुठलं येतंय? किल्ल्याच्या पायथ्याला आहोत आपण."

"मग हा पट्टा कशाला मारलाय ओ?"