निसर्गाचे कारभारी

दरसाल मे महिन्यात, मुलांच्या परीक्षा आटोपून घरोघर निसर्गप्रेमाची साथ पसरली म्हणजे, माथेरानास एखादा जुना बंगला आठ दिवसांसाठी भाड्याने घेऊन जे गृहस्थ सहकुटुंब सहपरिवार मुक्कामास येतात, त्यांना मी मनातल्या मनात ‘निसर्गाचे कारभारी’ ही पदवी बहाल केली आहे. निसर्गाचा आस्वाद घेण्यापूर्वी त्याचा चोख बंदोबस्त झाला पाहिजे, अशी त्यांची अढळ श्रद्धा असते.

दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून, सामान हमालाच्या डोक्यावर आणि नातवंडे घोड्यावर चढवून, तांबड्या मातीच्या वाटेने पायी निघताच कारभाऱ्यांच्या मुखातून इतिहास स्रवू लागतो. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब हा डोंगर चढून आले, १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या द्रव्यबळावर नेरळची छोटी आगगाडी वर पोहोचली, आणि २००३ साली हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, हे सारे ते अशा काही अधिकाराने सांगतात की, जाताना मॅलेटसाहेबांनी डोंगराचा चार्ज यांच्याच स्वाधीन केला असावा, असे घोडेवाल्यासही वाटू लागते.

बंगल्यात पाऊल पडताच फर्माने सुटतात. शार्लोट तलावाचे पाणी साऱ्या गावाचे, सबब स्नानास माणशी एकच बादली. माकडांस खाऊ घालणे सक्त मना. आणि बिस्किटांच्या रिकाम्या वेष्टनांचा हिशेब सूनबाईंनी रोज सायंकाळी रुजू करावा. अशाच एका मुक्कामात एको पॉइंटवर नातवंडांनी तोंड उघडण्यापूर्वीच पाखरांच्या शांततेची काळजी वाहणारे कारभारी “ओरडू नका!” म्हणून असे काही गरजले की, समोरच्या कड्याने तोच हुकूम त्यांना उलट तामील केला. सूर्योदयाच्या वेळी तर सारे कुटुंब पूर्वेकडे पाहत असता, कोणी कड्याच्या फार जवळ गेले नाही ना, हे पाहण्यासाठी ते सूर्याकडे पाठ करून शिरगणती करीत होते.

चौथ्या दिवशी त्यांनी या सर्व कलमांचा एक जाहीरनामा सुवाच्य अक्षरांत लिहून, खिळ्याने झाडास इजा होईल म्हणून सुतळीने, अंगणातील जांभळीस बांधला. दुपारी, कारभारी वामकुक्षीत असता, एका माकडाने सुतळी सोडविली, जाहीरनामा चाखून पाहिला आणि नापसंत पडल्यामुळे त्याच्या चिंध्या अंगणभर उधळल्या. स्वतःच्याच हस्ताक्षरातला तो कचरा दुसऱ्या कोणास उचलावयास सांगण्याची सोय नसल्यामुळे कारभारी ओणवे होऊन एकेक कपटा वेचू लागले, तोच वरून एक कुरतडलेले जांभूळ टपकन त्यांच्या टकलावर पडले. गुन्हेगाराचा पंचनामा करावा म्हणून त्यांनी मान वर केली, तर पानांआड एक शेकरू मागल्या पायांवर बसून, तांबूस झुपकेदार शेपूट खाली सोडून, पुढच्या दोन्ही पंजांत दुसरे फळ फिरवीत होते.

“अहो, चहा निवतोय,” म्हणत सौभाग्यवती व्हरांड्यात आल्या. तर कारभाऱ्यांनी कपट्यांची मूठ तशीच उंचावून त्यांना गप्प राहण्याची खूण केली. दुसरे जांभूळ पडले, तिसरे पडले. त्यांनी मान खाली घातली नाही.

त्या सायंकाळी वेष्टनांचा हिशेब रुजू झाला नाही, आणि कोणी मागितलाही नाही.