योजनाबाईंना अनावृत पत्र

सौ. योजनाबाई यांस,
वैरागहून सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपण आमच्या गल्लीचं सुशोभीकरण करून गेलात. पेव्हर ब्लॉक बसले, बाकडी आली आणि भला मोठा नामफलक लागला. त्यावर नावं इतकी, की कामाची रक्कम कोपऱ्यात दडून बसली. गल्लीला आता काय कमी?

कमी एवढंच, की कोपऱ्यावरचा मावशींचा भाजीचा गाडा नाही. उद्घाटनाच्या मांडवासाठी मावशींना ‘दोन दिवस बाजूला घ्या’ म्हणाले. मांडव गेला, गाड्याच्या जागी सिमेंटची कुंडी आली. रिकामी. मावशी आता डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरतात.

गंमत पुढेच आहे. त्या गाड्यावर माल भरायला कर्ज दिलं ते तुमच्याच जाऊबाईंनी. पीएम स्वनिधी. जून २०२० मध्ये आल्या तेव्हा १० हजार देत; पुढे ते फेडले की २०, मग ५०, असा त्यांचा रिवाज होता. मावशींनी पहिलं कर्ज फेडलं, दुसरं घेतलं. एकीनं माल भरून दिला, दुसरीनं गाडाच हलवला. हप्ता मात्र बिनचूक कापला जातो. २०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवू नका. पण कायदा वाचत बसलं तर ३१ मार्चला निधी परत जायचा, नाही का?

ब्लॉक बाहेरचे, बसवणारेही बाहेरचे. गल्लीतल्या पोरांची एक दिवसाची हजेरी लागली नाही. गल्ली देखणी झाली म्हणून खोलीभाडं तेवढं वाढलं.

कुणाला विचारलंत, काय हवंय म्हणून? एकाला तरी? सोलापूरच्या विडी-यंत्रमाग कामगारांनी संघटना बांधून, मोर्चे काढून घर मागितलं, म्हणून कुंभारीला ३० हजार घरांचं रे नगर मंजूर झालं. त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला सुपूर्द झाली. भांडून मिळवलेलं आणि माथी मारलेलं सारखं नसतं, बाई!

तशी तुमचीही कीव येते. मंजुरी एकाची, आराखडा दुसऱ्याचा, श्रेय तिसऱ्याचं. तुम्हाला तरी कोण विचारतं? निघताना मनात गरिबाचं भलंच असणार.

पाच तारखेला मावशींचा हप्ता आहे. त्याआधी कुंडी हलवा. आणि पुढच्या खेपेला आधी मावशींना विचारून या. घरी नसतील, पण कुठल्याही गल्लीत सापडतील.

आपला,
एक लाभार्थी