रात्री समाजसेवक कुठे असतो?

रुग्णालयात माणूस गेला की घरच्यांच्या वाट्याला आधी खिडक्या येतात. आधारची झेरॉक्स आणा, बिल क्लिअर करा, शववाहिकेचं तुमचं तुम्ही बघा. घटकाभरापूर्वी बापाचे पाय चोळणारा मुलगा सही कुठे करायची ते विचारत जिने चढउतार करतो. रडायला त्याला जिन्याखालचा कोपरा, तोही स्ट्रेचर येईपर्यंत.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उन्हाने 14 जणांचा बळी घेतला. सोहळ्याला आलेल्या अनेक अत्यवस्थ श्रीसेवकांना, म्हणजे अनुयायांना, कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात आणलं होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री त्याच रात्री तिथे गेले, मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर झाले. पैसे द्यायलाच हवेत. पण परजिल्ह्यातून आलेल्या घराला त्या घटकेला पैशाआधी माणूस लागतो: पंचनाम्याला किती वेळ लागेल, गावी न्यायला गाडी कुठून मिळेल, कुठला कागद जपून ठेवायचा, हे शेजारी बसून सांगणारा.

मुळात नियम नाहीत असं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेप्रमाणे बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. किती वॉर्डांत ही ओळ मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लावली आहे? पोलीस केस नसेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरने द्यायचा असतो, तो मागत फिरायची वेळ का यावी? 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मृत्यूला आणि नातेवाइकांना सामोरं कसं जावं हे शिकवायचं ठरलं. ते शिकलेला तरुण डॉक्टर मात्र छत्तीस तासांच्या ड्युटीत ते व्हरांड्यात उभ्याउभ्या उरकतो. दोष त्याचा नाही, त्याला तसं राबवणाऱ्यांचा आहे.

घरच्यांच्या शेजारी बसायला वैद्यकीय समाजसेवक हे पद आपल्याकडे जुनं आहे. पण त्याची वेळ बहुतेक ठिकाणी ऑफिसची. मरण पहाटे तीनलाही येतं, तेव्हा समाजसेवकाच्या खोलीला कुलूप आणि बिलाच्या खिडकीवर मात्र माणूस हजर!

खारघर आणि कामोठे ज्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात, तिने नर्सिंग होमच्या परवान्याचं नूतनीकरण करताना अग्निशमनाच्या दाखल्याइतक्याच सक्तीने दोन गोष्टी तपासाव्यात. दार लावता येईल अशी चार खुर्च्यांची खोली. आणि रात्रपाळीच्या तक्त्यावर एक नाव, ज्याचं काम फक्त गेलेल्या माणसाच्या घरच्यांबरोबर थांबायचं, गाडी गेटाबाहेर पडेपर्यंत.