शुद्ध आहाराचा एक दिवस

ज्याला स्वयंपाकाचा मुळातच कंटाळा, त्याने शुद्ध आहाराच्या वाटेला जाऊ नये. नाकाडोंगरीत तर नाहीच नाही. मोबाइलवरच्या आहारगुरूंचा पहिला हुकूम: पांढरा भात बंद. म्हणजे भंडारा जिल्ह्यात, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या असताना, भात सोडायचा! त्याऐवजी कोदो हे भरडधान्य. कालपर्यंत गरिबाचं खाणं म्हणून ज्याला नाकं मुरडली, त्याच्या जातकुळीसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे अख्खं वर्ष वाहिलं. आता ते चकचकीत पाकिटात येतं. पाकीटबंद काही खाऊ नका, हा गुरूंचा दुसरा हुकूम.

तशी शुद्धच हवी तर आपली लाखोळीची डाळ आहे. धान उभं असतानाच ओल्या बांधीत दाणे फेकायचे. नांगर नको, खत नको, फवारणी नको. इतकी सात्त्विक, की पायांच्या लकव्याच्या धास्तीने सरकारने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवरच बंदी आणली. गुरू याविषयी मौन पाळतात.

तर कोदो निवडलं, भिजवलं, शिजवलं. जवस भाजून कुटलं. आंबाडी निवडता निवडता बोटं हिरवी झाली. जवळच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज बॅटऱ्यांना पुरतं; माझी बॅटरी दुपारीच उतरली.

रात्री सासूबाईंनी ताट न्याहाळलं.

"काहून जी, आज कोणाचा उपास हाय?"

कुकरला भात लावला. पापडही तळले.