लिंकभाऊ

अंबड एमआयडीसीत प्रेसचे पार्ट काढणाऱ्या कुठल्याही मध्यम शॉपमध्ये जा, एखादा लिंकभाऊ सापडतोच. काम प्रॉडक्शन प्लॅनिंगचं, पगार सुपरवायझरचा, रुबाब प्लँट हेडचा. "ब्रॅकेट किती झाले?" असं विचारा. आकडा मिळणार नाही. "लिंक टाकलीय ना ग्रुपवर!"

लिंक अर्थातच गूगल शीटची. ही सोय २००६ची, पण आमच्या अंबडला ती खरी पोहोचली २०२०च्या लॉकडाउनमध्ये, शेठ गंगापूर रोडच्या बंगल्यात अडकले तेव्हा. स्टोअर, प्रेसशॉप, डिस्पॅच, सगळ्यांनी एकाच तक्त्यात जागच्या जागी आकडे भरायचे, हे तत्त्व. प्रत्यक्षात भरत कोणीच नाही. भाऊच उघडा लॅपटॉप डाव्या हातावर तोलत, लग्नात अक्षता वाटणाऱ्यासारखा मशीन-मशीन फिरतो. दीडशे टनाच्या प्रेसवरचे मिस्तरी मान वर न करता खडूने लिहिलेल्या फळ्याकडे बोट दाखवतात. भाऊ आकडा उतरवून घेतो आणि वर कॉमेंट ठोकतो, "मिस्तरी, प्लीज अपडेट." मिस्तरींचा ईमेल त्यानेच काढलेला, पासवर्डही त्यालाच पाठ. मग मिस्तरींच्या नावाने तोच "डन" लिहितो आणि स्वतःच्या नावाने "थँक्स".

रविवारच्या मिसळीचीही शीट आहे. रस्सा काळा की लाल, पाव किती, पापड हवा का. ती मात्र सगळे भरतात, तीही शुक्रवारीच.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहो या भारतीय ऑफिस सॉफ्टवेअरवर जात असल्याचं जाहीर केलं. झाले, भाऊ स्वदेशी! पण गूगलवरचंही मोडवेना. मिस्तरींना आता तोच आकडा दोनदा विचारला जातो.

टिंगल पुरे. सातपूरच्या गिऱ्हाइकाकडून एका लॉटची तक्रार आली, तेव्हा कॉइल कुठली, शिफ्ट कुठली, ऑपरेटर कोण, हे भाऊने चहा निवायच्या आत काढून दिलं. फळा तोवर शंभरदा पुसला गेला होता.

पण एका रात्री शीटच्या वरच्या कोपऱ्यात 'अनॉनिमस कॅपिबारा' उगवला. साइन इन न करता कोणी लिंक उघडली, की गूगल त्याला असं एखाद्या प्राण्याचं नाव देतं. हे भाऊला ठाऊक होतं, म्हणूनच झोप उडाली. सिन्नरची पार्टी रेट बघतेय! सकाळी शॉपमध्ये चौकशी. "कॅपिबारा कोण?"

मिस्तरी म्हणाले, "आपल्याकडं बिबट्या येतो. हे काय नवीन?"

भाऊने लिंक बंद केली. त्याच रात्री ॲक्सेसची रिक्वेस्ट आली आणि पाठोपाठ फोन. शेठ! रोज जेवण झाल्यावर नातवाच्या टॅबवर ते शीट बघत असत.

"अरे, माझाच कारखाना आणि मलाच परवानगी? मालक कोण आहे?"

"शेठ, कारखान्याचे तुम्हीच. शीटचा ओनर मात्र मी दिसतोय. व्ह्यूअर करतो तुम्हाला."

एडिटर करायला भाऊ तयार नव्हता. मागे एकदा शेठच्या अंगठ्याने डिस्पॅचचा सगळा फॉर्म्युला उडाला होता.