शॉकअप गेले न जी!

हे काका तुमच्याही ओळखीत असणारच. आपले भंडारा जिल्ह्यातले, तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. कोणाचीही गाडी दारात थांबली की रामराम नंतर. आधी बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली की निकाल लागला : “शॉकअप गेले न जी!”

लग्नात त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी दाबली, तेव्हा झेंडूच्या माळा तुटल्या आणि आतल्या नवरदेवाचा फेटा छताला लागला. मयतीला आलेल्या व्याह्यांची गाडीही सुटली नाही. तिरडी उठेपर्यंत थांबले, एवढाच काय तो संयम. स्वतःच्या गाडीची पंधरा वर्षं भरली, फेरनोंदणीसाठी ती भंडाऱ्याच्या आरटीओत नेली, तेव्हा साहेब कागद तपासत होते आणि काका साहेबांची सरकारी जीप. जीप नापास झाली.

त्यांची गाडी म्हणजे २००४ ची मारुती ८००. हे मॉडेल १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४ च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबलं. दुसरी तारीख काकांनी अजून मान्य केलेली नाही.

यंदा तिचेच पुढचे शॉकअप तेल गाळू लागले. मेकॅनिककडे जाणं म्हणजे नाक कापून घेणं. तेव्हा अंगणात जॅक लागला, गाडी स्टँडवर बसली, मागच्या चाकांना विटा लागल्या आणि काकूंचे पापड शेजारच्या गच्चीवर गेले. एकच बाजू गळत होती, पण काकांनी जोडीच आणली. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी दोन बाजूंनी दोन तऱ्हांनी वागते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते. सोबत मॅकफर्सनसाहेबांचं पुराणही. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले, चाक उभं धरायचं कामही त्यालाच दिलं. १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये ही रचना आली आणि जागा व खर्च वाचवते म्हणून पुढे छोट्या गाड्यांत रुळली. काका हे अशा थाटात सांगतात, की साहेब त्यांच्याच शिफ्टला होते असं वाटावं.

स्प्रिंग काढायची वेळ आली आणि हाच बडबड्या माणूस गप्प झाला. बघायला जमलेली पोरं त्यांनी फाटकाबाहेर काढली. दोन्ही बाजूंनी कंप्रेसर लावून स्प्रिंग वरच्या बैठकीवरून सैल झाल्याशिवाय मधल्या नटाला पाना लावायचा नाही. नाहीतर दाबून धरलेली ताकद एकदम सुटते आणि समोर हात आहे की तोंड, हे पाहत नाही. नळीला ताण बसू नये म्हणून ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधलेला. एकेक आटा फिरवायचा, थांबायचं, पाहायचं.

जमिनीखालच्या खाणीत सळईने छत ठोकून आवाज ऐकतात. भरीव आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर सैल दगड आधी पाडायचा. उभी नोकरी तिथे काढलेला माणूस वर आल्यावरही कशावर विसंबण्याआधी हात लावून पाहत असेल, तर त्याला किती हसायचं?

कॉलनी हसते ती हसतेच. पण शेजाऱ्याच्या लेकीला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा दारातली नवी कोरी मोठी गाडी सोडून शेजारी काकांची किल्ली मागायला आला. तुमसरपर्यंतच्या खड्ड्यांतून पोरीला हादरे न देता नेणारी गाडी कोणती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी किल्ली दिली, चारही चाकांची हवा पाहिली आणि बनियनवरच फाटकापर्यंत आले.

सकाळी गाडी परत आली. शेजारी पेढे घेऊन उतरला. “मुलगी झाली, काका!”

“बरं झालं न जी,” काका म्हणाले. “डाव्या बाजूनं आवाज तं नाही आला?”